इंटरनेटवरची कविता प्राथमिक वर्गात आणताना

मुंबईतल्या एखाद्या मराठी शाळेचा दुसरीचा किंवा तिसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. दाटीवाटीने बसलेली मुले, पस्तीस मिनिटांची तासिका, खिडकीबाहेर रहदारीचा आवाज, शिक्षकांच्या हाती मोबाइल आणि फार तर भिंतीवर एक स्मार्ट टीव्ही. एवढ्या साधनांवर कविता उत्तम शिकवता येते, हे मी अनेक वर्षे अनुभवते आहे. मात्र त्यासाठी एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी लागते. इंटरनेटवरचे कवितांचे भांडार मुख्यतः शिक्षकाच्या तयारीसाठी आहे. मुलांपर्यंत कविता पोहोचते ती कानावाटे, आणि तीही आधी त्यांच्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात. पडद्यावर नाचणारा ससा लावून दिला, की मुले सशाकडे पाहतात आणि शब्द मागे नुसते वाजत राहतात. म्हणून पुढची सगळी मांडणी एका क्रमाने केली आहे : आधी कान, मग तोंड, मग डोळे आणि शेवटी हात.

कविता कुठे शोधावी

सुरुवात घरातूनच करावी, म्हणजे बालभारतीपासून. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ प्रती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी मंचावरचे ध्वनी व चित्रफितींचे साहित्य उघडते. बहुतेक शिक्षक आपल्याच इयत्तेच्या पुस्तकापुरते तिथे जातात. माझी सूचना अशी, की खालच्या आणि वरच्या इयत्तांची पुस्तकेही चाळावीत. तिसरीच्या वर्गात पहिलीचे बडबडगीत मुले मोठ्या आनंदाने म्हणतात, कारण ते त्यांना आता सहज वाचता येते, आणि वाचनात मागे राहिलेल्या मुलाला त्या सहजतेची फार गरज असते.

त्यानंतरचा मोठा खजिना म्हणजे ‘किशोर’. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर पानापानांच्या स्वरूपात मोफत पाहता येतात. मराठीतल्या नामवंत कवींनी मुलांसाठी लिहिलेल्या कविता मूळ चित्रांसह आणि मूळ मांडणीत तिथे आहेत. ही पाने छापील अंकाच्या प्रतिमा असल्यामुळे नंतर कुणी टंकताना केलेल्या चुका त्यांत शिरलेल्या नसतात, हा माझ्या दृष्टीने त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. शोधताना विषयापेक्षा महिन्याचा आधार घ्यावा. पावसाची कविता हवी असेल तर निरनिराळ्या वर्षांचे जून ते ऑगस्टचे अंक एका बैठकीत चाळावेत. तासाभरात चारपाच कविता हाती लागतात आणि त्यांतली एक तरी आपल्या वर्गासाठीच लिहिल्यासारखी वाटते.

केशवसुत, बालकवी, रेव्हरंड टिळक यांच्यासारख्या जुन्या कवींच्या रचना मराठी विकिस्रोतावर मिळतात. ओवी, अभंग, अष्टाक्षरी यांविषयी स्वतःची समज ताजी करायची असेल तर मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरच्या नोंदी वाचाव्यात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मंचावर मुलांची चित्रमय पुस्तके आहेत आणि त्यांतली काही पद्यात आहेत. तिथे एकच पुस्तक मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा अनेक भाषांत सापडू शकते. मुंबईच्या वर्गाला ही सोय फार उपयोगी पडते, कारण मराठी शाळेतही भोजपुरी, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरांतून आलेली मुले असतात. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शाळा तर आठ भाषांच्या माध्यमांतून चालतात.

सेमी-इंग्रजीच्या वर्गासाठी इंग्रजी कविता हव्या असतील तर ब्रिटनमधल्या पोएट्री आर्काइव्हचा मुलांसाठीचा विभाग पाहावा. तिथे कवींनी स्वतःच्या आवाजात वाचलेल्या कविता ऐकता येतात. तो उच्चार आपल्या मुलांना अनोळखी असतो, म्हणून आधी आपण वाचावे आणि ध्वनिमुद्रण नंतर ऐकवावे.

निवड करताना माझी कसोटी साधी आहे. कविता मी स्वतः मोठ्याने तीनदा म्हणून पाहते. तिसऱ्या वेळी ती कागदाविना जवळजवळ म्हणता आली तर ती मुलांच्याही ओठांवर बसणार, हे ठरलेले. पहिली-दुसरीसाठी आठ ओळी पुष्कळ झाल्या आणि चौथीसाठी सोळा. ‘झाडे लावा’, ‘स्वच्छता राखा’ असा उपदेश यमकात बसवलेल्या रचना इंटरनेटवर ढिगाने आहेत. त्यांना मी कविता म्हणून वर्गात आणत नाही. परिपाठात घोषणा म्हणून त्या चालतील. मुलाला जी ओळ कारण नसताना गुणगुणावीशी वाटते, ती कविता.

संहिता पडताळून पाहणे

ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी मी एका संकेतस्थळावरून एक जुनी कविता उतरवून घेतली आणि वर्गात फळ्यावर लिहिली. मुले म्हणू लागली. दुसऱ्या दिवशी एका मुलाने हात वर करून सांगितले, ‘बाई, आमची आजी मध्ये अजून एक कडवे म्हणते.’ मी घरी जाऊन छापील संग्रह उघडला. आजी बरोबर होती. संकेतस्थळावर एक संपूर्ण कडवे गळले होते, एका ठिकाणी ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडला होता, आणि एक शब्द तर कुणीतरी सोपा करून बदलला होता. चूक संकेतस्थळावरची असली तरी ती फळ्यावर लिहिली होती मी. तिसऱ्या दिवशी मी वर्गाला तसे सांगितले, आजींना वर्गात बोलावले आणि त्यांच्याकडून ते कडवे सगळ्यांनी शिकून घेतले.

तेव्हापासूनचा नियम असा, की कोणतीही कविता वर्गात नेण्याआधी ती निदान दोन स्वतंत्र ठिकाणी ताडून पाहायची आणि त्यांतले एक ठिकाण छापील असावे. एका संकेतस्थळावरचा मजकूर दुसऱ्यावर जसाच्या तसा चिकटवलेला असतो, त्यामुळे पाच ठिकाणी एकच पाठ दिसला म्हणजे तो बरोबर आहे असे ठरत नाही. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही १८९८ साली स्थापन झालेली संस्था आहे. शनिवारी दुपारी तिथे तास-दोन तास काढून महिन्याभराच्या कविता एकदम तपासता येतात. ते शक्य नसेल तर ‘किशोर’ची पाने किंवा बालभारतीच्या पीडीएफ प्रती छापील पुराव्याइतक्याच विश्वासाच्या मानायला हरकत नाही.

तपासताना डोळा कुठे ठेवावा, हेही अनुभवाने कळते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी मात्रा बिघडतात, म्हणून ओळ म्हणताना जिथे अडखळायला होते तिथे आधी वेलांटी पाहावी. बोलीतल्या कवितेत तर ‘दुरुस्ती’चा मोह टंकणाऱ्याला हमखास होतो. बहिणाबाई चौधरींच्या खानदेशी बोलीतले शब्द प्रमाण मराठीत बदललेले आढळले तर ती प्रत बाजूला ठेवावी, कारण त्या शब्दांचा नाद गेला की ओवीचा तोलही ढळतो. कवीचे नाव तपासायला विसरू नये. एकाची कविता दुसऱ्याच्या नावावर फिरताना मी अनेकदा पाहिली आहे, आणि मुलाने वहीत एकदा लिहिलेले नाव पुसायला पुढे पुष्कळ वर्षे लागतात.

हक्कांविषयी थोडेसे

भारतात कवीच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) टिकतो. कवितासंग्रह मरणोत्तर प्रसिद्ध झाला असेल तर ही साठ वर्षे प्रकाशनानंतर मोजली जातात. बालकवींचे निधन १९१८ मधले, त्यामुळे त्यांच्या रचना केव्हाच सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत. बहिणाबाईंचे निधन १९५१ साली झाले आणि संग्रह १९५२ मध्ये आला. तोही आता खुला आहे. विंदा करंदीकरांचे निधन मात्र २०१० सालचे असल्याने त्यांच्या बालकविता अजून अनेक दशके हक्काधीन राहतील. याचा अर्थ त्या वर्गात शिकवू नयेत असा अजिबात नाही. शिक्षकाने आणि विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष अध्यापनाच्या ओघात कविता उतरवून घेण्याला १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात सवलत आहे. अडचण येते ती मुलांनी म्हटलेल्या कवितेची चित्रफीत जाहीरपणे इंटरनेटवर टाकल्यावर. तिथे कवीच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो आणि मुलांचे चेहरे पालकांच्या लेखी संमतीविना दाखवण्याचाही. स्टोरीवीव्हरवरचे साहित्य मुक्त परवान्याखाली असते. ते वापरताना लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावे द्यावी लागतात. ती नावे मुलांना मोठ्याने वाचून दाखवावीत. कविता कुणीतरी माणूस लिहितो, हे मुलांना त्यातूनच उमगते.

तासिकेआधीची तयारी

शाळेतले इंटरनेट ऐन वेळी चालेलच, यावर कधीही विसंबू नये. ज्या स्रोतांवरून साहित्य उतरवून घेण्याची सोय आहे, तिथून ते आदल्या रात्रीच मोबाइलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावे. यूट्यूबवरचे काही वापरायचे असेल तर आधी शेवटपर्यंत पाहावे आणि पुढची चित्रफीत आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी, कारण कविता संपताच मुलांसमोर काय येईल हे आपल्या हाती राहत नाही. मोबाइलचा आवाज भरल्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा ब्लूटूथचा लहानसा स्पीकर मिळवावा. तो वर्गाच्या मधोमध ठेवला की आवाज कमी ठेवूनही सर्वांना ऐकू येते.

वर्गात : एका कवितेचे चार दिवस

पहिल्या दिवशी पडदा बंद, पुस्तक बंद, फळाही कोरा. मुलांना डोळे मिटायला सांगून आपण कविता दोनदा म्हणावी : एकदा सावकाश आणि एकदा तिच्या मूळ गतीने. त्यानंतर ‘काय समजले?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाने मुले लगेच बरोबर उत्तर शोधू लागतात. ‘काय ऐकू आले?’ असे विचारावे. कुणाला एक शब्द ऐकू आलेला असतो, कुणाला टपटप आवाज, कुणाला आपल्या गावचा कोंबडा. जे सांगतील ते सारे स्वीकारावे आणि कविता तिसऱ्यांदा म्हणून थांबावे. या दिवशी कठीण शब्दांचे अर्थ सांगण्याची घाई मी करत नाही. नाद एकदा मनात बसला की अर्थाची चौकशी मुले आपण होऊन करतात.

दुसरा दिवस तोंडाचा. आपण एक ओळ म्हणायची, वर्गाने ती उचलायची. मग वर्गाचे दोन भाग करून अर्ध्यांनी एक ओळ आणि उरलेल्या अर्ध्यांनी पुढची म्हणावी. एकदा कुजबुजत, एकदा मोठ्याने, एकदा लोकल सुटताना गाडी जशी हळूहळू वेग घेते तशी. या खेळात मुंबईची मुले क्षणात रंगतात, कारण तो ताल त्यांच्या रोजच्या कानातला आहे. पहिली-दुसरीत याला हावभाव जोडून कृतियुक्त गीत करावे. कविता मुलांच्या तोंडी पुरती बसली की मगच ध्वनिमुद्रण ऐकवावे. आता मुले ते तुलनेच्या कानांनी ऐकतात. ‘त्यांची चाल वेगळी आहे’, ‘त्यांनी इथे थांबले नाही’, ‘आपली चांगली’ अशी मते येऊ लागतात. ही मते म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांची साहित्यचर्चाच असते आणि तिला पुरेसा वेळ द्यावा. ध्वनिमुद्रण आधी ऐकवले असते तर तीच एक चाल खरी मानून मुले तिची नक्कल करत बसली असती.

तिसऱ्या दिवशी संहिता डोळ्यांसमोर येते. टीव्हीवर पान दाखवण्यापेक्षा फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिणे मला अधिक उपयोगी वाटते, कारण शब्द हळूहळू उमटताना पाहून मुले पुढचा शब्द आधीच ओरडतात आणि पाठ असलेली ओळ व लिहिलेली ओळ यांची सांगड तिथल्या तिथे बसते. यमकाचे शब्द गाळून जागा मोकळ्या ठेवाव्यात. वाचनात मागे असलेल्या मुलाला फळ्याजवळ बोलावून ओळीखाली बोट फिरवत म्हणायला सांगावे. त्याला कविता तोंडपाठ असते, म्हणून तो अडखळत नाही, आणि बोट शब्दाशब्दाला टेकत जाते तसतशी अक्षरे ओळखीची होतात. माझ्या वर्गातली अनेक मुले पाठ्यपुस्तकातल्या धड्यांआधी कवितेतूनच वाचायला लागली आहेत.

चौथा दिवस मोकळा ठेवावा. चित्र काढावे, कवितेतली वस्तू शोधायला मैदानात जावे, जून-जुलै असेल तर व्हरांड्यात उभे राहून पाऊस ऐकावा. प्राण्यांच्या कविता घेतल्या असतील तर भायखळ्याच्या राणीच्या बागेची सहल त्याच आठवड्यात ठरवावी आणि प्रत्येक पिंजऱ्यापुढे त्या प्राण्याची कविता म्हणावी. ‘किशोर’मधले मूळ चित्र टीव्हीवर दाखवण्याची वेळ हीच. आधी दाखवले तर सगळ्यांची चित्रे तशीच होतात.

जात्यावरच्या ओव्या : एक स्वतंत्र आठवडा

इंटरनेटवरच्या सगळ्या काव्यसाहित्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावरचे जात्यावरच्या ओव्यांचे दालन. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या २०१७ पासून पारीवर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागल्या. मराठी शब्द आणि गाणाऱ्या बाईचा आवाज असे दोन्ही तिथे मिळते.

तिसरी-चौथीच्या वर्गात मी याची सुरुवात ‘पीठ कुठून येते?’ या प्रश्नाने करते. गल्लीतल्या गिरणीतून, दुकानातल्या पाकिटातून, अशी उत्तरे येतात. मग जाते म्हणजे काय ते सांगून मुलांना समोरासमोर दोघादोघांनी बसवते आणि खुंटा धरल्यासारखे हात गोल फिरवायला लावते. हात एका लयीत आले की ध्वनिफीत सुरू करते, जेमतेम एक मिनिट. पहाटेच्या अंधारात दळणारी बाई आपल्या आईशी, भावाशी, पावसाशी बोलते आहे, हे हात फिरवताना मुलांना जसे जाणवते तसे सांगून जाणवत नाही.

निवड मात्र काळजीपूर्वक करावी. सासुरवास, मृत्यू, मारहाण यांविषयीच्या ओव्याही या संग्रहात आहेत. त्या मोठ्या वर्गांसाठी राखून लहानांसाठी माहेर, शेत, पाऊस, बहीणभाऊ अशा विषयांच्या घ्याव्यात. ध्वनिफितीतले बोलीतले शब्द मुले नवे म्हणून मोठ्या हौसेने टिपतात. कुणाच्या घरी तो शब्द अजून बोलला जातो का, हे विचारले की आपोआप पुढचा गृहपाठ ठरतो.

तो गृहपाठ असा : घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला एखादी ओवी, अंगाईगीत किंवा बडबडगीत म्हणायला सांगायचे आणि पालकांच्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायचे. आजी साताऱ्याला किंवा सिंधुदुर्गात असेल तर फोनवरून विचारायचे. घरची भाषा मराठी नसेल तर त्या भाषेतले गाणे तितक्याच आदराने ऐकायचे. एका वर्षी माझ्या वर्गात पावसाला बोलावणारी गाणी चार भाषांत जमली. मराठी पावसाला पैसा देऊ केला जातो हे सगळ्यांना ठाऊक होते. इतर भाषांतल्या पावसाला काय काय देऊ करतात, याची चर्चा दोन दिवस चालली. पालकांच्या गटावर या ध्वनिफिती पाठवण्याआधी गाणाऱ्या व्यक्तीची परवानगी विचारावी. गाणारी आजी असली, तरी आवाज तिचा आहे.

मुलांची स्वतःची कविता

चौथीपर्यंत आलेल्या मुलांना अष्टाक्षरी सहज जमते आणि ती शिकवायला बोटे पुरतात. एका ओळीत आठ अक्षरे. जोडाक्षर एकच मोजायचे. काना-मात्रा-वेलांटीचा वेगळा हिशेब नाही. नमुन्यासाठी मी फळ्यावर या चार ओळी लिहिते :

पाणी साठले गल्लीत
नाव कागदी निघाली
ओल्या चपला हातात
आई हसत म्हणाली

प्रत्येक अक्षराला एक टाळी वाजवून आठ मोजले जातात आणि ‘निघाली–म्हणाली’ हे यमक मुलांच्या आपोआप लक्षात येते. आई काय म्हणाली, हे मी लिहीत नाही. पुढच्या चार ओळी मुलांच्या. कुणाची आई रागावते, कुणाची स्वतःच दुसरी नाव करायला बसते, कुणाची म्हणते की आज शाळेला सुट्टी. आठाऐवजी सात किंवा नऊ अक्षरे झाली तर खोडून टाकू नये. टाळ्या पुन्हा वाजवायला सांगावे. चूक कानाला कळते आणि मूल स्वतःच शब्द बदलते. योग्य शब्द शोधण्यासाठी ते पाच मिनिटे छताकडे पाहत बसले तर त्याला तसेच बसू द्यावे.

यांतल्या निवडक कविता शाळेच्या हस्तलिखितात घ्याव्यात किंवा भित्तिपत्रकावर लावाव्यात. कविता मुलांनीच मोबाइलवर म्हणून ध्वनिमुद्रित केल्या तर पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी आपलेच एक छोटे संकलन तयार होते.

गुण देण्यासाठी कविता तोंडपाठ म्हणून घेण्याची पद्धत मी सोडली आहे. त्याऐवजी एका वहीत रोज दोन-तीन मुलांविषयी एखादी ओळ लिहून ठेवते : कोण मधल्या सुट्टीत कविता गुणगुणत होता, कुणी नवा शब्द बोलण्यात वापरला, कोण एरवी गप्प असते पण सामूहिक म्हणण्यात तोंड हलवते. त्याच वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येक कवितेचे नाव, कवी, ती कुठे सापडली, कोणत्या छापील प्रतीशी ताडली, कोणत्या महिन्यात घेतली आणि कितव्या दिवशी मुलांना ती पाठ झाली, एवढी नोंद ठेवते. मे महिन्याच्या सुट्टीत ती पाने समोर घेऊन पुढच्या जूनचे टाचण लिहायला बसते, आणि आधी त्या कवितांवर खूण करते ज्या दुसऱ्याच दिवशी पाठ झाल्या होत्या.